विहीणबाईंच्या वाट्याचा एक तास

गुरुवार, १५ सप्टेंबर २०११. सकाळी ऊन, दुपारनंतर दमट वारा. इलेनिया साडेनऊला उठली. न्याहारीला पाव आणि जर्दाळूचा मुरंबा, अर्धाच खाल्ला. गॅलरीच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातले. दुपारी मंगळवारच्या गोझोच्या सहलीचा बेत लिहून काढला, दोन पाने झाली. संध्याकाळी इलेनियाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "नन्नाकडे एकच तास?"

नन्ना म्हणजे आजी. आजी मीही आहे. पण इलेनिया नुसते 'नन्ना' म्हणते तेव्हा ती माझ्याविषयी बोलत नसते. मी 'नन्ना इनेझ'. नुसती नन्ना म्हणजे माल्टाच्या पलीकडच्या गोझो बेटावरची ग्रेत्सिया, माझ्या सुनेची आई, माझ्या विहीणबाई. एकोणीस वर्षांच्या नातीला हा फरक कोणी शिकवला नव्हता. तो तिच्या तोंडी आपोआप बसला होता, आणि म्हणूनच मला तो फार लागायचा.

त्या दिवसाच्या पानावर मी पुढे लिहिले आहे, 'एक तास पुरे.' खाली रेघ मारलेली आहे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिन्या आम्हाला सांगत, दिवस लिहिल्याशिवाय झोपायचे नाही आणि लिहिताना खोटे लिहायचे नाही. पहिली गोष्ट मी छप्पन्न वर्षे पाळली. दुसरी पाळायला कधीकधी जड जाते. पण पाळली आहे, म्हणून आज विहीणबाईंविषयी सांगायला बसले आहे तर माझ्या मनातले काळेबेरेही सांगावे लागेल.

माझा एकुलता एक मुलगा विस्तिन. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली तो चर्चच्या तरुण मंडळाबरोबर एका दिवसाच्या सहलीला गोझोला गेला. अर्ध्या तासाची बोट, सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. बाकीचे आले, हा आला नाही. तिसऱ्या दिवशी उगवला, खिशात मेंढीच्या चीजच्या चार चकत्या. "बोट चुकली," म्हणाला. तीन दिवस बोट चुकते का कोणाची? त्या चकत्या ज्या घरातल्या होत्या, त्या घरातली मुलगी दीड वर्षाने माझी सून झाली. आणि तिचे चारही भाऊ मेलबर्नला, म्हणून ही दोघेही मेलबर्नला. माझा मुलगा त्या बेटाने एका दिवसाच्या सहलीत नेला, असे मी धरून चालले होते. आता नात बारा दिवसांसाठी आली होती, नऊ वर्षांनी. तिचे बाराही मुक्काम माझ्या घरी, हे विस्तिनने फोनवर कबूल केले होते. त्यातला एक दिवस गोझोला जाणार. रात्री ती परत माझ्या घरात झोपली पाहिजे, एवढेच मला हवे होते. त्यासाठी दोन पाने.

शेजारची स्तेल्ला वही पाहून म्हणाली, "इनेझ, ही सहल आहे की पोलीस पहारा? लघवीला कधी जायचं तेसुद्धा लिहिलंयस?"

"सव्वाअकराला. किल्ल्यापाशी सोय आहे."

"आणि विहीणबाईंना एक ते दोन? अगं, दाताच्या डॉक्टरकडे मला यापेक्षा जास्त वेळ मिळतो!"

"त्यांना कामं असतात. मेंढ्या असतात."

"मेंढ्या म्हणे. मत्सर आहे, मत्सर. चांगला बावीस वर्षं मुरलेला."

मी वही मिटली. स्तेल्लाला सगळेच बोलायला आवडते. पण ती खोटे बोलली असे मात्र मी लिहिलेले नाही.

ग्रेत्सिया शाळेत दोन वर्षे गेली. आकडे येतात, सही येते, बाकी नाही. नवरा दगडाच्या खाणीत कामाला होता. सात मुले, अकरा मेंढ्या, डोंगरउतारावर थोडी जमीन. दिवसातून दोनदा दूध काढायचे, चीज लावायचे, जाळीच्या खिडकीत वाळवायचे, बाजारच्या दिवशी विकायचे. माल्टात ती आयुष्यात चारदा आली. त्यातल्या एका खेपेला, शहाण्णव साली, नवऱ्याला छातीसाठी इथल्या इस्पितळात ठेवले होते, तेव्हा ती एकोणीस दिवस माझ्याकडे राहिली. पहाटे चारला उठायची. काढायला दूध नाही, म्हणून माझ्या पायऱ्या घासायची. मी सहाला दार उघडले की पायऱ्या ओल्या. मी म्हणायचे, "विहीणबाई, हे काय, बाई येते ना आपल्याकडे." ती म्हणायची, "हातांना सवय नाही हो सिन्योरा, नुसतं बसायची." बावीस वर्षांत तिने मला कधी इनेझ म्हटले नाही. सिन्योराच. मी मालकीण आणि ती कामवाली असल्यासारखे. लोकांसमोर मला ओशाळे व्हायचे, आणि आतून थोडे बरेही वाटायचे.

आमचे हे तेव्हा होते. एकदा जेवताना म्हणाले, "बाई सोन्यासारखी आहे." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला यांनी 'टापटीप' म्हटले होते, 'हुशार' म्हटले होते, एकदा 'कडक' म्हटले होते. सोने त्या दिवशी पहिल्यांदा निघाले.

तेही मी गिळले असते. पण ब्याण्णव साली इलेनिया जन्मली, तेव्हा मला मेलबर्नला जाता आले नाही. यांची शस्त्रक्रिया झालेली होती. आणि खरे सांगायचे तर विमानाची भीतीही वाटत होती. ग्रेत्सिया, जिला बसमध्ये उलटी होते, ती मात्र मेंढ्या शेजारणीवर टाकून, गळ्यात नावाची पाटी अडकवून विमानात बसली आणि पाच महिने राहिली. रात्री बाळ तिच्याच कुशीत. मी पत्रे लिहीत होते. वर्षाला बारा, मग बाळ मोठे झाल्यावर तिच्या नावाने वेगळी बारा, सोपी अक्षरे काढून, खाली फुलाचे चित्र. नक्कल माझ्याकडे आहे. सगळी मिळून चारशेच्या घरात भरतील. ग्रेत्सियाने एक ओळ लिहिली नाही. आणि मुलीच्या तोंडी नन्ना कोण?

मंगळवारी सकाळी सहाची बस धरली. चिरकेव्व्याच्या धक्क्यावर पावणेआठला होतो, वहीतल्यापेक्षा पाच मिनिटे आधी. बोटीत चढताना माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला. घड्याळ पर्समध्ये टाकले. समुद्र शांत होता. इलेनिया कठड्याला टेकून उभी होती, केस वाऱ्यावर, आणि मधल्या लहान बेटाचे निळे पाणी बघून म्हणाली, "इथे नाही का उतरायचं?"

"वहीत नाही," मी म्हटले. ती हसली. मला वाटते, ती मला आवडून हसली होती. तेवढे मी त्या दिवसाच्या जमेला धरते.

किल्ला झाला, लेसची दुकाने झाली, चर्च झाले. सगळे वेळेवर. मुलगी प्रत्येक ठिकाणी छान छान म्हणत होती आणि प्रत्येक ठिकाणाहून विचारत होती, "इथून नन्नाचं घर दिसतं का?"

एकचा ठोका पडला तेव्हा आम्ही विहीणबाईंच्या दारात होतो. ग्रेत्सिया उंबऱ्यात उभीच होती, नवा एप्रन बांधून. नातीला तिने मिठी मारली नाही. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि आंबवण कितपत आलेय हे बघावे तसा बघितला. "झोप कमी होते तुझी," म्हणाली. दहा रात्री माझ्याकडे झोपलेल्या मुलीला.

"या सिन्योरा, बसा. टेबल मांडलंय. पोरीनं फोनवर वाचून दाखवलं मला, एक ते दोन. एका तासात होईल तेवढंच केलंय."

आणि खरोखरच तसे केले होते. आमच्याकडे ज्याला विधवेचे सूप म्हणतात ते, भाज्या आणि त्यात सोडलेली अंडी आणि चीजची चकती. वाढून झटकन खाण्यासारखे. ती म्हणाली, "दोन विधवा, एक पातेलं. हिशेब बरोबर ना?" इलेनिया खळखळून हसली. माझ्या विनोदांना ती अशी हसत नाही. मी विनोद करत नाही हेही खरे आहे.

दहा मिनिटांत जेवण उरकले. मग ग्रेत्सिया नातीला मागच्या खोलीत घेऊन गेली. सकाळचे दूध तिने मुद्दाम उशिरा विरजले होते, म्हणजे आम्ही येऊ तेव्हा दही नेमके लागलेले असावे. लहान लहान टोपल्यांत ते भरायचे, मीठ लावायचे, पाणी निथळू द्यायचे, मग संध्याकाळी प्रत्येक चकती हातात घेऊन उलटी करायची. ग्रेत्सिया एकटीच परत आली. "तिला करू दे. माझ्यापेक्षा हात हलका आहे. मारिटाचाच हात." मारिटा म्हणजे तिची मुलगी, माझी सून. मुलीचा हात कोणाचा, कपाळ कोणाचे, हे बघायला मला कोणी पाच महिने दिले नव्हते.

आम्ही दोघी बसलो. काय बोलणार? तिने मेंढ्यांचे सांगितले. मी यंदा टोमॅटो कसे महाग झाले ते सांगितले. पर्स दाराजवळच्या खुंटीला होती. दुसऱ्याच्या घरी उठून पर्समधले घड्याळ बघणे मला बरे दिसेना, म्हणून मी अधूनमधून खिडकीतून चर्चकडे बघत होते. दोन मनोरे, दोन घड्याळे. एक खरे, एक नुसते रंगवलेले, सैतानाला मिसाच्या प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून. आमच्याकडे सगळीकडेच असते. डावीकडच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटे झाली होती. वेळ सरकत नव्हता. विहीणबाईंच्या घरी मला नेहमीच तसे वाटते, म्हणून नवल वाटले नाही.

तेवढ्यात ग्रेत्सिया उठून उभी राहिली. एप्रनला हात पुसले. "सिन्योरा, निघायला हवं हं तुम्हाला. तुमची बस खालच्या चौकातून दोन वाजून पाचला. उतरायला दहा मिनिटं."

मी खिडकीतून पुन्हा पाहिले. एक वीस.

मला काय झाले ते जसेच्या तसे सांगते. हिला एक तास द्यायलाच जीव वर आला होता माझा. पण त्या क्षणी वाटले, ही मला घालवते आहे! माझ्या वहीतला तास, माझा हक्काचा, आणि ही बाई त्यातली चाळीस मिनिटे खाते आहे. मी खुर्चीत नीट मागे टेकले.

"अजून खूप वेळ आहे, विहीणबाई. घाई काय आहे?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग माझ्याकडे. "नाही, तुम्ही लिहिलं होतं..."

"मी काय लिहिलं ते मला माहीत आहे. फळं नाहीत का काही घरात?"

"आहेत की. निवडुंगाची बोंडं आहेत."

"मग आणा. सावकाश सोला."

तिने बोंडे आणली. सुरीने दोन्ही टोके कापायची, मधोमध चीर द्यायची, साल उलगडायची. एरवी हे काम ती क्षणात करते. त्या दिवशी तिची सुरी अडखळत होती आणि ती सारखी बाहेर बघत होती. मी एक बोंड खाल्ले. दुसरे मागितले. बियांसकट, चावून चावून.

चर्चचे दोन ठोके पडले.

मी खिडकीकडे पाहिले. डावे घड्याळ एक वीस. उजवे घड्याळ दोन.

आमच्या गावात खरे घड्याळ डावीकडचे. साठ-सत्तर वर्षे मान तिकडेच वळलेली. इथे ते उजवीकडे होते आणि डावीकडच्या भिंतीवर रंगाने काढलेले दोन काटे शंभर वर्षे एक वीसवर बसून होते. माझ्यासाठी काढल्यासारखे. बस जाणार होती, पुढची चारला. त्या बसने गाठायचा लाल वाळूचा किनारा गेला. वहीतले दुसरे पान गेले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटले. "बोलला का नाहीत?"

"बोलले की. मग वाटलं, तुमच्या वहीत बदल झाला असेल. तुम्ही शिकलेल्या. मी कशाला..." तिने सुरी पुसली. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "आणि मला काय, दहा मिनिटं जास्तच मिळाली."

मग ती भराभर बोलायला लागली. शेजारच्या सालवूचा ट्रक दारात आहे. तो आत्ता निघाला तर थेट वाळूवर सोडेल. वहीत आहे तसेच होईल सगळे, साडेचारपर्यंत किनारा, पावणेसहाची बोट. "काही चुकत नाही तुमचं. पोरीला हाक मारते मी." आणि तिने हाक मारलीसुद्धा.

इलेनिया दारात आली. कोपरापर्यंत दही, कपाळावर दही. "निघायचं?" तिने विचारले, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत एप्रनची गाठ सोडायला लागली. तिने रडारड केली असती, हट्ट केला असता, तर मी तिला नक्की ओढून नेले असते. पण ती निमूटपणे गाठ सोडत होती, आणि तिच्या मागे उभी राहून ग्रेत्सिया ती गाठ सोडायला मदत करत होती. दोघींची मान सारखीच वाकलेली.

आणि मला ते सहन होईना. मला पाझर फुटला असे कोणी समजू नये. मला सहन झाला नाही तो ग्रेत्सियाचा मोठेपणा. हिला एक तास मिळतो, ही एक तास घेते. दहा मिनिटे चुकून मिळतात, त्याबद्दल ही ट्रक देते. पायऱ्या घासते, सोने म्हणवून घेते, आणि आता पुन्हा नातीला स्वतःच्या हाताने माझ्या हवाली करणार. मग मेलबर्नला मुलगी काय सांगेल? नन्नाने पाठवलं. नन्ना किती चांगली. नाही. या घरात आज कोणी काही दिले, तर ते मी देईन.

"राहू दे ती गाठ," मी म्हटले. "तू आज इथेच राहा. उद्या सकाळी नऊच्या बोटीने ये, मी धक्क्यावर येते."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

"सिन्योरा," ग्रेत्सिया हळूच म्हणाली, "वहीत असं नाही लिहिलेलं."

"मग खोडते. माझी वही आहे."

"पण तुमच्याकडच्या दोनच रात्री राहिल्यात पोरीच्या."

मोजल्या होत्या तिनेही. मला वाटायचे की मोजते ती मी एकटीच. "मला ठाऊक आहे किती राहिल्यात," मी म्हटले. "संध्याकाळी चकत्या उलटायच्या आहेत ना? अर्धवट काम टाकून उठायची आमच्याकडे पद्धत नाही."

इलेनियाने मला मिठी मारली, दह्याच्या हातांनी, पाठीवर. काळे पोलके धुवावे लागले. ग्रेत्सियाने मिठी मारली नाही; तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडले. मी पटकन म्हटले, "सालवूला सांगा. साडेतीनची बोट मिळेल मला."

उदार झाल्याचा आनंद मला धक्क्यापर्यंत पुरला. गोझोच्या बोटीचे तिकीट जाताना कोणी घेत नाही, ते येताना तिथल्या खिडकीवर घ्यायचे. आतल्या माणसाने विचारले, किती. मी दोन म्हटले. त्याने माझ्या मागे पाहिले, तिथे कोणी नव्हते. "एक," मी म्हटले. बोटीत मी आतल्या बाकावर बसले. वर गेले नाही. आता त्या मागच्या खोलीत काय चालले असेल ते मला न बघता दिसत होते: एकीची बोटे दुसरीच्या बोटांवर, टोपली कशी उपडी करायची ते. आणि मीच, माझ्याच तोंडाने, ते त्यांना देऊन आले होते. परत जाऊन हिसकावून आणावे असे वाटले. बोट निम्म्यावर आली होती.

मंगळवार, २० सप्टेंबर २०११. हवा स्वच्छ, समुद्र शांत. घरी सव्वासहाला. इलेनिया गोझोला. तिचे अंथरूण सकाळी घातले होते तसेच ठेवले. विहीणबाईंनी दिलेल्या चीजच्या सहा चकत्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. अंडे उकडताना गॅस संपला. दुसरी टाकी जोडली. गॅसची गाडी शुक्रवारी.